पाच विसा बारा

म्हाळू आप्पांना भेटायच्या आधी महिनाभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. नाव माहीत नव्हतं, तोंड पाहिलेलं नव्हतं, पण शिव्या चालू होत्या. माझा स्वभावच तसला. आमचे वडील, ज्ञानदेव, दौंडला रेल्वेत होते. त्यांचं डोकं इंजिनाच्या आधी तापायचं. आई म्हणायची, आमच्या दीक्षानं बापाचं काहीच घेतलं नाही, डोकं तेवढं घेतलं.

गोष्ट दोन हजार चारची. मी रोज दौंडहून पॅसेंजरनं पुण्याला जायची, एका संशोधनाच्या हापिसात कंत्राटावर होते. काम काय, तर पाऊस निवडायचा. बायका तांदूळ निवडतात ना, तसा.

आमचे साहेब रिजनल क्लायमेट मॉडेल चालवायचे. म्हणजे कॉम्प्युटरला डोंगर द्यायचे, नद्या द्यायच्या, समुद्र किती तापलाय, वारं कुठून येतंय ते सांगायचं आणि म्हणायचं, आता पाड बाबा पाऊस. तो पाडायचा. नकाशा पन्नास-पन्नास किलोमीटरच्या चौकोनांत कापलेला, आणि कुठल्या चौकोनात कुठल्या दिवशी किती पडला ते तो सांगायचा. आता हा कॉम्प्युटरचा पाऊस खरा का थापा, हे कळणार कसं? तर जमिनीवर खरोखर पडलेल्या पावसाशी ताडून. आणि तो खरा पाऊस यायचा कुठून? गावोगावी पर्जन्यमापकं आहेत. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी माणूस तिथं जातो, साठलेलं पाणी काचेच्या मापात ओततो, आकडा वहीत लिहितो. साहेबांच्या त्या एवढ्या मोठ्या मॉडेलचा सगळा डोलारा त्या माणसाच्या वहीवर उभा.

म्हणून आधी माणूस तपासायचा. रविवारी कायम शून्य आणि सोमवारी डबल, म्हणजे गडी रविवारी झोपतो. सगळे आकडे पाच, दहा, पंधरा, म्हणजे अंदाजपंचे. एकच आकडा आठ दिवस, म्हणजे घरी बसून लिहिलंय. शेजारच्या गावांत धो-धो आणि इथं ठणठणीत, म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. असं सापडलं की मी लाल खूण करायची. मला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू.

आमच्या शिरूर-दौंडच्या चौकोनात मापकं चारच. त्यातल्या एकानं माझा जीव खाल्ला. इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठी एक सरकारी चौकी होती, तिथलं. रविवार बरोबर. बारीकसारीक पाऊस शेजाऱ्यांशी तंतोतंत. पण एक्याण्णव सालच्या जूनपासून मोठा पाऊस गायब! त्याच्या आधी सत्तर, नव्वद, शंभर असे आकडे दिसायचे, त्यानंतर तेरा वर्षांत विसाच्या वर एकदाही नाही. शेजारची तिन्ही गावं सत्तर मिलिमीटर म्हणतात आणि हे महाशय म्हणतात तीन पॉइंट सतरा. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात एका दिवशी तर मॉडेलनं शंभराच्या वर दाखवला होता, शेजाऱ्यांनीही तेवढाच, आणि ह्यांचा पाच पॉइंट बारा.

"मॉडेल चुकलं का माणूस?" साहेबांनी विचारलं.

"माणूस, सर," मी फटकन म्हटलं. "जोराचा पाऊस आला की हा बाबा घराबाहेर पडत नसणार. दुसऱ्या दिवशी काहीतरी ठोकून देतो."

साहेबांनी निकाल दिला. हे ठिकाण डेटासेटमधून बाद, सगळीच्या सगळी वर्षं. माणूसच भरवशाचा नसेल तर आधीची वर्षं तरी कशाला ठेवायची? मापक उचलून दुसऱ्या गावाला लावायचं. "तू तिकडचीच ना?" ते म्हणाले. "पत्र घेऊन जा आणि एकदा डोळ्यांनी बघून ये."

एप्रिल सरत आला होता. दौंडहून वडापच्या जीपनं गेले, दीड मैल उसाच्या कडेनं चालले. उन्हानं जीव नकोसा झाला. एका घरापुढं साठी उलटलेली बाई शेण कालवत होती. पत्रावरचं नाव वाचून तिला विचारलं, "पाऊस मोजतात ते म्हाळू आप्पा कुठं राहतात?"

तिनं मान वर केली नाही. "त्या बांधाच्या पल्याड. आन् म्या सांगितलं म्हनू नगा."

भारीच तुसडी बाई, म्हटलं. पण तिचा राग असा सरळ अंगावर आला, की मला ती जरा आवडली.

बांधापलीकडं म्हाळू आप्पा मापकाचं पितळी नरसाळं राखेनं घासत बसले होते. साठीचा उंच, वाळका माणूस. डोक्याला पांढरा पटका, गुडघ्यापर्यंत धोतर, पायात जाड वहाणा. मापकाभोवती तारेचं कुंपण, त्याला बाभळीच्या काट्या अशा गच्च लावलेल्या की शेळीचं नाकसुद्धा आत जाऊ नये.

"पाऊस तर नाही, मग घासताय कशाला?" मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पाखरं घान करत्यात, ताई. उद्या आलाच, तर त्येला घानीत पडू द्यायचा व्हय?"

आता ह्या माणसाला पत्र कसं द्यायचं? मी पर्स घट्ट धरून बसले. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, गुळाचा चहा आणला आणि गाऱ्हाण्यांचं गाठोडंच सोडलं. हा माणूस पोरवयात बापाच्या मेंढरांमागं कोकणापर्यंत हिंडलेला. पुढं मेंढरं रोगानं गेली, आणि सत्त्याहत्तर साली चौकीवर राखणदाराची नोकरी लागली, सोबत हे मापक. तेव्हापासून सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. "लेकीच्या हळदीला पाव्हनं बसल्यालं," तानुबाई म्हणाल्या, "आन् ह्ये सव्वाआठला उठून चाललं. व्याही इचारतुया, कुठं चालला? तर म्हनं, पाऊस बघून येतो. मार्गशीर्षात! माझी मान खाली गेली बगा."

"पर शून्य कुनी लिवायचं?" आप्पा म्हणाले. "शून्य लिवायला बी जावं लागतंया. न बघता लिवलं तर त्ये शून्य न्हवं, ती थाप."

मी चहाचा घोट घेतला. पस्तीस ठिकाणच्या लोकांना मी लाल खुणा केल्या होत्या, पण शून्याबद्दल असं बोलणारा माणूस मला कॉम्प्युटरमध्ये भेटला नव्हता. तरी ते पाच पॉइंट बारा डोक्यातून जाईना. म्हणून मी नेटानं विचारलं, "आप्पा, अठ्ठ्याण्णव साली ऑक्टोबरात मोठा पाऊस झाला होता का हो इथं?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. आप्पा उठून गोठ्याकडं गेले. मग तानुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्येचं नाव काढू नगा, ताई. त्या पावसानंच तर घर तुटलं."

बांधाअलीकडची ती तुसडी बाई म्हणजे रतनबाई, आप्पांची सख्खी थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच त्यांना वाढवलेलं. त्या ऑक्टोबरात ओढा फुगला, तिच्या घराची भिंत गेली आणि अकरा मेंढरं वाहून गेली. पंचनाम्याला माणसं आली. वरच्या कचेरीतून त्यांनी आकडा मागवला आणि म्हणाले, बाई, तुमच्या गावात त्या दिवशी पाचच मिलिमीटर पाऊस आहे, पाच मिलिमीटरनं भिंत पडत नसते. पंचनामा नाकारला. रतनबाई चौकीवर येऊन चारचौघांत म्हणाल्या, माझी मेंढरं गेली तवा तू घोंगडी पांघरून निजला व्हतास आन् सकाळी काय बी लिवलंस. मला भाऊ मेला.

"सा वर्सं झाली," तानुबाई म्हणाल्या. "भाऊबीज न्हाई, बोलनं न्हाई. ह्ये रोज साडेआठला जात्यात, ती दारात उभी असती. बघत बी न्हाई."

मला एकदम चोरट्यासारखं झालं. जे रतनबाई बोलल्या होत्या, तेच शब्द मी साहेबांना सांगितले होते. तिनं निदान मेंढरं गमावली होती. माझं काय गेलं होतं?

आप्पा परत आले तेव्हा त्यांच्या हातात कार्बन कागदाची जुनी वही होती. वरची प्रत कचेरीला जायची, खालची त्यांच्याकडं राहायची. "त्या दिशी मापाकडं जाताना दोनदा पडलो, ताई," ते म्हणाले. "मांडीएवढं पानी व्हतं. पर गेलो. ह्ये बगा लिवलंय. म्या ह्येच घिऊन कचेरीत बी गेल्तो. तिथला सायेब म्हनला, तुज्याच हातचं हाय ना, मग? म्या म्हनलं, हाय. मग काय बोलनार? म्हनलं, आसंल बाबा, सरकारला एवढा पाऊस थोडाच वाटत आसंल."

मी पर्समधून छापील कागद काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. वहीत होतं ५, मग एक बारीक उभी रेघ, मग १२. कागदावर होतं ५.१२.

"हेच ना? पाच पॉइंट बारा?"

"व्हय, ह्येच," आप्पा म्हणाले. "पाच विसा बारा."

"काय?"

"पाच विसा आन् वर बारा."

मी म्हटलं, आप्पा, मला मोजून दाखवा. ते माप घेऊन आले. इवलंसं काचेचं माप, वीस मिलिमीटरचं, त्याच्या वर त्यात मावतच नाही. त्यांनी बादलीतून पाणी ओतलं, माप काठोकाठ भरलं, पाणी टाकून दिलं आणि कट्ट्यावर एक खडा ठेवला. परत भरलं, परत खडा. मेंढवाड्याच्या तोंडातून मेंढरं आत घेताना त्यांचा बाप असाच मोजायचा: वीस मेंढरं गेली की एक खडा, एक विसा. शेवटी सुटी उरतील ती वेगळी. सत्त्याहत्तर साली कुणीतरी साहेबानं हे माप हातात दिलं, त्यात नेमके वीस मावतात हे आप्पांनी बघितलं, आणि म्हटलं, ही तर आपलीच मोजणी. रेघेच्या अलीकडं विसा, पलीकडं सुटे. वीसच्या आत असेल तर नुसता आकडा.

पाच विसा म्हणजे शंभर, वर बारा. एकशे बारा मिलिमीटर! शेजारच्या गावांचे आकडे मला पाठ होते: एकशे आठ, एकशे एकोणीस, सत्त्याण्णव.

मी वही चाळायला लागले. रेघेच्या पुढं एकोणीसच्या वर आकडा कुठंच नव्हता. तेरा वर्षांत एकदाही नाही. आणि त्या मापावर पॉइंट बारा वाचताच येत नाही, तेवढ्या बारीक रेघाच नाहीत त्याला. हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं? माझ्या! गेली सहा-सात वर्षं हे महिन्याचे तक्ते कॉम्प्युटरवर टाइप करणारी बया मीच होते. लाल खुणा करायला मोठी हुशार, आणि समोरचं दिसत नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

एक्याण्णवच्या आधीचं कोडंही सुटलं. आप्पा म्हणाले, कचेरीत हरिबा नावाचे जुने क्लार्क होते, तेही मेंढपाळाच्या घरचे. म्हणजे ते तक्ता उतरवताना विसांचे मिलिमीटर करून लिहीत असणार, कुणाला सांगायची त्यांना गरज वाटली नसणार. एक्याण्णवच्या मे महिन्यात ते रिटायर झाले. नवीन माणसानं रेघ बघितली आणि पॉइंट दिला.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. त्यांना समजायला थोडा वेळ लागला, मग ते कट्ट्यावर खाली बसले. "म्हंजी तेरा वर्सं माझा पाऊस खोटा गेला," ते म्हणाले. "अक्काचं मातेरं म्याच केलं. माज्या हातानं." आणि ते रडायला लागले. म्हातारा माणूस असा रडायला लागला की कुठं बघावं कळत नाही.

"तुमच्या हातानं नाही, आमच्या!" मी ओरडलेच. "चला, आत्ता जाऊन सांगू त्यांना."

"न्हाई, पोरी." ताईची मी पोरी झाले होते. "तोंडानं म्या तवा बी सांगितलं व्हतं. तुमचा शिक्क्याचा कागद आना. तुमचं सायेब खरं म्हनलं, तरच जातो."

पत्र मी पर्समध्येच ठेवलं आणि तेरा वर्षांच्या वह्या दोन पिशव्यांत भरून आणल्या.

साहेब काही लगेच विरघळले नाहीत. "मोजणारा सांगतो म्हणून आकडा बदलायचा नसतो," ते म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. असं प्रत्येकाचं ऐकलं तर तपासणी कसली? त्यांनी मला शेजारच्या गावांचे आकडे आणि मॉडेलचे आकडे दोन्ही बंद करायला लावले. आधी नुसत्या वह्यांवरून तेरा वर्षं नव्यानं लिही, म्हणाले, मग ताडून बघू. कॉम्प्युटरातलं जुनं वापरताच येत नव्हतं, कारण एक विसा दहाचा त्यानं एक पॉइंट एक करून टाकला होता, आणि एक विसा एकचाही एक पॉइंट एकच. तीस आणि एकवीस, दोन्ही एकाच ढिगात. वह्या नसत्या तर आप्पांचा पाऊस कायमचा गेला होता.

तीन आठवडे मी ते अक्षर वाचत होते. जेवताना, पॅसेंजरमध्ये, केडगावला गाडी खोळंबली तरी मांडीवर वही. थरथरतं, मोठंमोठं अक्षर. शून्यंसुद्धा एकेक नीट गोल काढलेली. मला त्या माणसाचा लळाच लागला म्हणा ना. मनात भीती मात्र एकच होती. ताडून बघितल्यावर जमलं नाही तर? मग त्या बांधावर कुठल्या तोंडानं जाऊ?

एका शुक्रवारी साहेबांनी झाकलेले आकडे उघडले. जमलं. नुसतं जमलं नाही, चार मापकांत आप्पांचं सगळ्यात चोख निघालं. रविवार, सण, पूर, कुठंच खोट नाही. साहेबांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा खालपर्यंत वाचले. मग म्हणाले, "ठेवा. सगळी वर्षं ठेवा. मापकही तिथंच राहू दे."

मी म्हटलं, "सर, त्या ऑक्टोबरच्या दिवसाचा एक वेगळा कागद पाहिजे. सही-शिक्क्यासकट."

"डेटासेटसाठी त्याची गरज नाही."

"डेटासेटसाठी नाही, सर. बहिणीसाठी."

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

मेच्या शेवटी परत गेले. तानुबाईंनी जेवल्याशिवाय कागदाला हात लावू दिला नाही. हुलग्याची शेंगोळी, ठेचा, बाजरीची भाकरी. आप्पांनी माझ्यासमोर दोन भाकऱ्या चुरून खाल्ल्या, वर तिसरीची चतकोर. मग हात धुतले, पटका नीट बांधला आणि म्हणाले, "चल पोरी."

आम्ही बांध ओलांडला. रतनबाई दारात शेंगा फोडत होत्या. आप्पा अंगणाच्या कडेला थांबले, पुढं येईनात. मग मीच पुढं होऊन कागद वाचला. त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत एकशे बारा मिलिमीटर पाऊस पडला होता, चौकीच्या माणसानं तो बरोबर मोजला आणि बरोबर लिहिला होता, चूक वरच्या नोंदीत झाली होती.

रतनबाईंनी शेंगा फोडायचं थांबवलं. "म्हंजी ह्यो गेल्ता? त्या पान्यात?"

"गेले होते. दोनदा पडले, तरी गेले."

"मग चुकलं कुनाचं?"

"आमच्या लोकांचं," मी म्हटलं. "त्यात मीपण आहे, मावशी."

मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसायलाच हव्या होत्या. मी मान खाली घालून उभी राहिले. पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या भावाकडं बघत होत्या. पटक्याखालचे पांढरे झालेले केस, वाळलेले हात, सगळं वरपासून खालपर्यंत. सहा वर्षांत पहिल्यांदाच बघत असाव्यात. मग पदरानं नाक पुसलं आणि नेहमीच्याच तुसड्या आवाजात म्हणाल्या,

"म्हाळ्या, जेवलास का?"

शून्यसुद्धा न बघता लिहीत नव्हता तो माणूस, आणि अजून बोटांना ठेच्याचा वास होता.

"न्हाई, अक्का," आप्पा म्हणाले.